नावाखाली फक्त गाव

दिनकर,

तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की मला मध्येच वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलो की काय. मनमिळाऊ म्हणाले तुला. तू आणि मनमिळाऊ. एकजण म्हणाला, ‘सर्वांना सोबत घेऊन जाणारं व्यक्तिमत्त्व.’ मी शेजारी बसलेल्या वत्सलाकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. रडत होती की हसू दाबत होती, मला सांगता येणार नाही. तुझी बायको आहे ती, दोन्ही करत असेल.

मग आपल्या बेळगावच्या कलामंडळाचे सेक्रेटरी उठले. ज्यांच्या दारात तू चपला झिजवल्यास, तेच. म्हणाले, ‘दिनकररावांनी जगाची चित्रकला बेळगावच्या दारात आणून ठेवली.’ बरोबर आहे. पण आपली चित्रं जगात न्यायला तू निघालास तेव्हा दार कुणी लावून घेतलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मी उठून बोलणार होते. पण सगळे गोड बोलत असताना खरं बोलणारा भांडखोर ठरतो, आणि त्या खोलीतली भांडखोर बाई मी आधीपासूनच आहे. म्हणून गप्प बसले, आणि आज लिहायला घेतलंय. तू ऐकून घे. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, तेवढा एक फायदा आहे.

मला अजून नीट रडू आलेलं नाही. राग येतो. सकाळी शाळेत जाताना येतो, फळ्यावर पोरींना फूलदाणी काढून दाखवताना येतो. तू असा अर्ध्या वादातून उठून गेलास. कोल्हापुरात आपण चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होतो तेव्हापासूनची तुझी ही खोड. वर्गात मी एकटी मुलगी, आणि तू निपाणीहून आलेला, कुणाशी न बोलणारा. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायची आणि तू मला शेवटपर्यंत ‘बाई, तुम्ही’. कितीदा सांगितलं, अरे, एका बाकावर बसून रंग घोटलेत आपण, तुम्ही कसलं? तू म्हणायचास, ‘तोंडात बसलंय. आता निघायचं न्हाई.’ नाहीच निघालं.

ती पेटी आठवते का? म्हणजे तुला आठवणार नाही तर कुणाला. अठ्ठ्याहत्तर साल असेल. परदेशी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन मुंबईला आलंय आणि तिथून ते बंगळूरला जाणार, हे तू पेपरात वाचलंस आणि तडक माझ्या शाळेत आलास. मी पोरींच्या वह्या तपासत होते. तू म्हणालास, ‘बाई, मुंबईची लॉरी बंगळूरला जाती कुठनं? निपाणीवरनंच की. आमच्या दारावरनं जाणार हाय, मग चार दिस बेळगावात उतरायला तिचं काय जातंय?’

मी म्हटलं, ‘अरे, ते काय बटाटे आहेत?’

‘बटाटं उतरवत्यात, मग चित्रं का न्हाई?’

तू मुंबईच्या त्या संस्थेला पत्रांवर पत्रं लिहिलीस. ते कंटाळून हो म्हणाले असं माझं मत आहे. तुझं मत वेगळं होतं, तुला वाटायचं की माणसं मुळात चांगली असतात, त्यांना नीट समजावून सांगावं लागतं. ह्या एका समजुतीपायी तुझा किती वेळ गेला, दिनकर. आणि माझाही.

लॉरी आली ती ऐन श्रावणात. ताडपत्री फाटलेली, पेटीच्या फटीतून पाणी आत. आपण निपाणीत रस्त्याच्या कडेला पेटी उघडली, आणि जपान, पोलंड, मेक्सिको, सगळे देश एकमेकांना चिकटून ओले. फाटलं नव्हतं काही, शाईही सुटली नव्हती, पण कागद नुसते लोळागोळा. बेळगावात श्रावणात परकर आठवडाभर वाळत नाही, तिथं हे कसे वाळणार? उन्हाचा पत्ता नाही. इस्त्री करावी म्हटलं तर तू माझ्यावर ओरडलास. बरोबर ओरडलास, पण ओरडलास.

मग तुझ्या डोक्यात वखार आली. तुझ्या आईनं तंबाखूच्या वखारीत जन्म काढला होता. तंबाखूला ओल लागली की माल गेला, म्हणून तिथं एक खोली कायम कोरडी ठेवलेली असते, हे तुला लहानपणापासून माहीत. मालकाच्या हातापाया पडून तू ती खोली मिळवलीस. तुझ्या आईनं आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी एकेक चित्र सोडवून कोऱ्या कागदावर पसरलं. त्या बायका हसत होत्या. एका चित्रात एक लांबोडक्या तोंडाचा माणूस होता, सगळा काळा, नुसते डोळे पांढरे. तुझी आई म्हणाली, ‘ह्येला रं कुणी मारलंय? ह्येला आधी च्या पाजा.’ जगाच्या त्या प्रदर्शनाचे आपल्या भागातले पहिले प्रेक्षक त्या बायका. मंडळाच्या इतिहासात हे येणार नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवते.

चित्रं झकास वाळली. पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. तंबाखूच्या खोलीत कागद वाळतो तसा त्याला वासही लागतो. तुला कळलं नाही, तुझ्या आईला कळलं नाही, वखारीच्या मालकाला कळलं नाही. कळणार कसं? निपाणीच्या माणसाला तो वास येतच नाही, तुम्ही त्यातच जन्मता. माझं नाक त्या दिवशी सर्दीनं बंद. बेळगावच्या शाळेच्या हॉलमध्ये आपण चित्रं लावली, पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, आणि पहिल्या रांगेतले वकीलसाहेब शिंकले. मग त्यांच्या बायको. मग अर्धा हॉल. कुणीतरी विचारलं, ‘चित्रं विड्यांच्या कारखान्यात काढलीत काय?’ तू कोपऱ्यात उभा, मान खाली. मी आयुष्यात एवढी हसले नव्हते. आता लिहितानाही हसू येतंय, आणि मग लगेच राग येतो, कारण हसायला बरोबर कुणी नाही.

चार दिवस. काय काय ऐकलं आपण त्या चार दिवसांत. ‘हे छापील आहे ना? मग मूळ चित्र कुठंय?’ हा प्रश्न ज्यानं त्यानं विचारला. तू प्रत्येकाला फळी, शाई, रूळ घेऊन दाखवायचास. चहाच्या खोक्याचं प्लायवुड कोरून, त्यावर कागद ठेवून, जेवणातल्या वाटीच्या बुडानं घासायचास आणि कागद उचलून म्हणायचास, ‘ह्यो पहिला. आता ह्यो दुसरा. मूळ कुठलं सांगा बघू? मूळ न्हाईच. नाहीतर सगळीच मूळ.’ लोक मान हलवायचे आणि दारापर्यंत गेल्यावर एकमेकांना म्हणायचे, मूळ मुंबईत ठेवलं असणार. आमच्या हेडमास्तरांनी तर कमाल केली. चित्राखाली पेन्सिलीनं तीन आणि वीस लिहिलं होतं, वीस छापांतला तिसरा म्हणून. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘वीसपैकी तीनच? आणि तरी लावलंय?’

पण माणसं आली रे. कोल्हापूरहून आली, गोव्यातून आली, आणि धारवाडहून बसप्पा मास्तर आले. हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर, कन्नड माणूस, काखेत स्वतःच्या चित्रांची गुंडाळी. ते एका पोलिश चित्रासमोर अर्धा दिवस उभे राहिले. मग तुझ्याजवळ येऊन गुंडाळी सोडली आणि म्हणाले, ‘नोडरी, बघा, माझं एक ठेवा, तुमचं एक द्या. रोक्क बेड.’ पैसे नकोत म्हणाले. छापचित्रवाल्यांची ही रीत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. भेटले की एक छाप द्यायचा, एक घ्यायचा. आपल्याकडं उरलेले असतातच. संध्याकाळपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात नुसती देवघेव चालली होती. कोल्हापूरचे लोक धारवाडच्यांना शाईत रॉकेल किती घालायचं ते सांगत होते, गोव्याचा एकजण सगळ्यांनाच चुकीचं सांगत होता. कोण कुठल्या भाषेत बोलतंय याचं कुणाला भान नव्हतं. त्या दिवसांत बाहेर रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांना डांबर फासलं जात होतं, कधी ह्या अक्षरांना, कधी त्या. आणि आत हे असं.

माझं लग्नानंतर चित्र सुटलं होतं, हे तुला माहीत होतं. तू कधी त्यावर बोलला नाहीस. शेवटच्या दिवशी हातात छापासाठी कोरायच्या मऊ लिनोचा एक तुकडा आणि कोरणी दिलीस आणि म्हणालास, ‘बाई, फुलं पुरं झाली. घरातनं शाळंत जाताना काय दिसतं ते कोरा.’ मला वडगावातले माग दिसायचे. रोज सकाळी सायकलवरून जाताना उघड्या दारातून दिसायचे. मी ते कोरले, बोटं कापून घेतली, नवऱ्याची बोलणी खाल्ली. माझं ते एकच चित्र बरं झालं. बाकीची तुझ्या मते ठीक होती आणि माझ्या मते कचरा. त्या एका चित्रासाठी तुझे आभार मानायचे राहिले. तू समोर असताना आभार मानायची संधीच कधी दिली नाहीस. सतत काहीतरी काम काढलेलं असायचं.

पेटी बंगळूरला गेली, तिथून परत परदेशी गेली. पुढच्या वर्षी मुंबईच्या संस्थेतून निरोप आला. चित्रांना अजून वास येतोय, तिकडचे लोक विचारतात की ही गेली कुठं होती. आणि त्यांना त्या गावाकडची चित्रं बघायची आहेत. संच पाठवा. आपल्या सीमेवरच्या फाटक्या ड्रॉइंग मास्तरांचा संच, परदेशात. तू निरोपाचा कागद घेऊन आलास तेव्हा तुझा चेहरा मी बघितलाय. तुझ्या लग्नातही तो एवढा फुललेला नव्हता, वत्सलाला सांगू नकोस.

दोन वर्षं तू फिरलास. रविवार, सुट्टी, दिवाळी, सगळं त्यात घातलंस. निपाणीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून परत, मग धारवाड, मडगाव. एकेकाच्या घरी बसून छाप काढून घेतलेस. चाळीसेक चित्रं जमली. खरं सांगते, त्यातली दहा-बारा तरी त्या पेटीतल्या चित्रांच्या शेजारी ताठ उभी राहिली असती. कागद बांधून तयार. फक्त परदेशी टपालासाठी इथल्याच एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं पत्र लागणार होतं, असं आपल्याला सांगण्यात आलं. एक पत्र. आणि तिथं घोडं अडलं.

आपलं मंडळ म्हणालं, देतो की. मात्र बेळगाव, निपाणी, खानापूर इथल्या चित्रकारांच्या नावाखाली गाव आणि पुढं महाराष्ट्र लिहायचं. धारवाडचं मंडळ म्हणालं, देतो की. मात्र गाव आणि पुढं कर्नाटक लिहायचं. ज्यांनी चित्रं मागवली त्यांनी राज्य विचारलंच नव्हतं. नाव आणि गाव, एवढंच. तू दोन्हीकडं जाऊन तेच सांगत बसलास: नाव आणि गाव. दिनकर, निपाणी. बसप्पा, धारवाड. सुमन, म्हणजे मी, बेळगाव. इकडचे म्हणाले, तू तिकडं फितूर झालास. तिकडचे म्हणाले, हा इकडचा हेर. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात गद्दार म्हटलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

आणि मग आपलं भांडण झालं. बेळगावच्या स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलात. लोक वळून बघत होते. मी तुला म्हटलं, ‘लिही रे बाबा, काय म्हणतात ते लिही. महाराष्ट्र लिही, कर्नाटक लिही, पाहिजे तर चंद्र लिही. पोलंडातल्या माणसाला काय डोंबल कळणार आहे? चाळीस माणसांची चित्रं जाताहेत. तुझ्या एका हट्टापायी चाळीस माणसं घरात बसणार. पेन उचल आणि लिही, हात झडत नाही.’

तू चहा बशीत ओतलास. किती वेळ पीतच होतास. मग म्हणालास, ‘बाई, शाळंत घातलं तवापासनं माझ्या नावाम्होरं लोकांनी कायतरी लिवलंय. आणि ते वाचूनच मला कुठं बसवायचं ते ठरवलंय. पाणी कुठनं द्यायचं ते बी. मला कुणी इचारलं न्हाई. आता म्या स्वतः चाळीस जणांच्या नावाम्होरं लिवू, ह्यो हिकडचा आन ह्यो तिकडचा? ह्या एका कागदाखाली तरी नुसतं गाव ऱ्हाऊ द्या की.’

मी म्हटलं, ‘ते वेगळं आणि हे वेगळं.’

तू म्हणालास, ‘वेगळं कसं? सांगा मला.’

तेवढ्यात तुझी निपाणीची गाडी लागली. तू उठून गेलास. मी तिथं बसून राहिले, तुझ्या आणि माझ्या चहाचे पैसे द्यायला. वेगळं कसं, ते मी तुला सांगणार होते. नंतर कितीतरी वेळा मनात मांडून बघितलं. स्वयंपाक करताना, पेपर तपासताना. कधी वाटायचं, जमलं. जातीचा शिक्का माणसावर बळंच मारतात, राज्य हे तर सगळ्यांचंच असतं. मग वाटायचं, तू लगेच विचारशील, आम्हाला निवडू दिलं का? आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अजून पुरतं उत्तर सापडलेलं नाही मला. पण सापडलं असतं रे. तू थांबायला हवं होतंस. वाद घालायला समोर माणूस लागतो, मी एकटी दोन्हीकडून किती भांडू?

संच गेला नाही. त्यानंतर आपण भेटलो ते लग्नकार्यात, कुणाच्या रिटायरमेंटला. ‘काय बाई, बरं हाय न्हवं?’ एवढंच. तू विषय काढला नाहीस आणि मी तर काढणारच नव्हते. मला वाटायचं, ती चित्रं तुझ्या माळ्यावर पडून सडत असतील. निपाणीत एवढी ओल नाही म्हणून तेवढं बरं, असंही वाटायचं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला निपाणीला आले होते. भन्तेजींची वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि बसप्पा मास्तर काठी टेकत माझ्याजवळ आले. किती म्हातारे झालेत. माझं नाव विचारलं आणि म्हणाले, ‘तुम्हीच का बाई, ते वडगावचं माग? आमच्या स्वैपाकघरात आहे. आमची मिसेस रोज बघते. एक दोरा तुटलेला दाखवलाय तुम्ही, ते तिला लई आवडतं.’

मला काही कळेना. माझं चित्र ह्यांच्याकडं कसं?

ते म्हणाले, ‘दिनकरनं आणून दिलं. मला वाटलं, माझं परत द्यायला आलेत. उघडून बघतो तर माझं न्हवं. मी म्हटलं, चुकलं री. ते म्हणाले, चुकलं न्हाई मास्तर, तुमचं कोल्हापूरला गेलं. सगळ्यांचं असंच केलंय.’

सगळ्यांचं. वत्सलानं मग सांगितलं. तू चाळीस घरी परत गेला होतास. चार वर्षं लागली. प्रत्येकाला दुसऱ्याचं चित्र दिलंस. मडगावचं निपाणीत, धारवाडचं कोल्हापुरात, कोल्हापूरचं गदगला. परदेशी गेलं नाही म्हणून इथल्या इथं फिरवलंस. आणि मला, ज्या बाईनं तुला भर हॉटेलात सगळ्यांदेखत झापलं होतं, त्या मला यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. मला आनंद झाला असता, हे तुला कळत नव्हतं? की मी म्हणाले असते, हे तू हरलास म्हणून करतोयस? म्हणाले असते कदाचित. म्हणून काय सांगायचंच नाही?

आणि दुसरं. माझ्याकडं काही आलं नाही. माझं चित्र धारवाडला गेलं, मग मला कुणाचं यायचं होतं? मी वत्सलाला विचारलं. ती म्हणाली, ‘बाईंचं ऱ्हायलंय, असं म्हणायचे. मी जाऊन देतो म्हणायचे. गाडीचा टाइम बघायचे. मग म्हणायचे, जाऊ दे, त्या इचारतील, आन परत तेच सुरू व्हईल.’

‘कुठलं चित्र ठेवलं होतं?’

‘ते न्हाई ठावं. मी सगळं घर बघितलं, बाई. घरात आता काय न्हाई.’

निपाणी ते बेळगाव गाडीनं कितीसं अंतर आहे? गोव्यापर्यंत गेलास आणि बेळगावात उतरायला घाबरलास. मी खाल्लं असतं काय तुला? भांडले असते, मग चहा केला असता. नेहमी तसंच तर व्हायचं. आता कुणाचं चित्र माझ्या भिंतीवर यायचं होतं ते मला कधीच कळणार नाही. बाकी सगळ्याची समजूत घालता येते, ह्याची येत नाही. इथं मला तुझा खराखुरा राग आहे, आणि तो तू गेलास म्हणून कमी करायचं माझ्या मनात नाही.

आता पुढचं ऐक, म्हणजे झालं. शोकसभा संपल्यावर सेक्रेटरी माझ्याकडं आले. म्हणाले, दिनकररावांच्या स्मरणार्थ तो संच मंडळाच्या हॉलमध्ये लावू या. मुंबईच्या संस्थेला बोलावू, तिकडूनच पुढं परदेशीही जाईल. मंडळ पत्र देईल. मी म्हटलं, वरातीमागून घोडे. पण हो म्हटलं. हो म्हणण्याशिवाय काय होतं? तू दोन वर्षं ज्याच्यासाठी फिरलास ते समोर ताटात वाढून येत होतं. मी सगळ्यांना लिहिलं. ज्यांचा पत्ता लागला ते सगळे चित्रं द्यायला तयार झाले. गंमत बघ, धारवाडची चित्रं कोल्हापूरहून येणार आणि कोल्हापूरची धारवाडहून. बसप्पा मास्तर म्हणाले, माग पाठवतो पण परत पाहिजे, नाहीतर मिसेस मला घरात घेणार नाही.

काल संध्याकाळी मी मंडळात चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. पहिली तुझी घेतली. चांगल्या पुठ्ठ्यावर, बोरूनं, सुबक अक्षर काढलं. दिनकर. खाली, निपाणी. आणि पुठ्ठा बाजूला ठेवून दुसरा घेतला.

सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून बघत होते. वाईट माणूस नाही तो, दिनकर. त्याच्या सख्ख्या भावानं सीमाप्रश्नासाठी तुरुंगात दिवस काढलेत, ते तुलाही माहीत होतं. मऊ आवाजात म्हणाले, ‘बाई, पुढं राज्याचं नाव राहिलं.’

मी म्हटलं, ‘राहिलं नाही.’

‘अहो, एवढं एक लिहा. प्रश्न आपल्या माणसांचा आहे. आणि ज्यांना बघायचंय त्यांना काय फरक पडतो? तुम्हीच नाही का त्यांना त्या वेळी हेच समजावत होता? आम्हाला सगळं माहीत आहे.’

खरंच होतं. एकेक शब्द माझाच होता. हात झडत नाही, हेही मीच म्हटलेलं. बोरू माझ्या हातात, दौत उघडी, पुठ्ठ्यावर जागा भरपूर. लिहिलं असतं तर आज तुझी चित्रं भिंतीवर गेली असती आणि दिवाळीनंतर बोटीत बसली असती. मी बोरू टेकवलासुद्धा. शाईचा ठिपका उमटला. मग पुसून ठेवला बोरू.

मी म्हटलं, ‘नुसतं गाव राहू दे.’

ते म्हणाले, ‘असं असेल तर हॉलचं आणि पत्राचं कमिटीला विचारावं लागेल. आणि कमिटी काय म्हणेल ते तुम्हाला माहीतच आहे.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी दौतीचं झाकण लावलं. मला म्हणाले, ‘दिनकररावांचं एक सोडा. तुम्ही तरी समजूतदार आहात असं वाटलं होतं.’

मलाही तसंच वाटत होतं, दिनकर.